जोसेफस डॅनियल्स : १८९८ चा संपादक आणि १९३८ चा राजदूत हा एकच माणूस कसा?

जुनी_कात्रणे (धागाकर्ता)

वृत्तपत्राचा संपादक पुढे राजकारणात शिरतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. परंतु वृत्तपत्राच्या कचेरीतून मंत्रिमंडळात आणि तिथून परदेशातल्या वकिलातीत असा प्रवास केलेल्या एका अमेरिकन गृहस्थांविषयी मी गेले काही महिने वाचतो आहे, आणि त्यांचे कोडे मला एकट्याला सुटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

गृहस्थांचे नाव जोसेफस डॅनियल्स. जन्म १८ मे १८६२ चा, म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध ऐन भरात असतानाचा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वॉशिंग्टन या लहानशा बंदराच्या गावी (राजधानीशी या गावाचा संबंध नाही). १८९४ पासून ते रॅले शहरातल्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या दैनिकाचे मालक आणि संपादक होते. १९१३ ते १९२१ अशी आठ वर्षे ते वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्री होते आणि १९३३ ते १९४१ या काळात मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत होते. १५ जानेवारी १९४८ रोजी वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी ते रॅलेतच वारले.

आता कोडे सांगतो. १८९८ साली याच दैनिकाने नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांविरुद्ध जी मोहीम चालवली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्या मोहिमेचा शेवट विल्मिंग्टन शहरातल्या हत्याकांडात आणि लोकांनी निवडलेले नगरशासन बंदुकीच्या धाकाने उलथवण्यात झाला. त्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, मेक्सिकोच्या सरकारने परदेशी तेल कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा स्वतःच्या देशातल्या बड्या कंपन्यांचा आणि स्वतःच्याच परराष्ट्र खात्याचा रोष पत्करून मेक्सिकोची बाजू समजून घेणारा राजदूत म्हणून हेच डॅनियल्स ओळखले गेले.

माझे प्रश्न दोन आहेत. मधल्या चाळीस वर्षांत हा माणूस बदलला, की आपण ज्याला बदल समजतो तो केवळ जागेचा फरक आहे? आणि मेक्सिकोतल्या त्या धोरणाचे श्रेय खरोखर त्यांचे, की ते फक्त अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा निरोप पोचवत होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे. त्यांना थोर किंवा दुष्ट ठरवण्यापेक्षा, त्यांच्यातला संपादक पुढच्या दोन्ही भूमिकांत कसा वावरला हे समजून घेण्यात मला अधिक रस आहे.

शाईचे_डाग

आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की माणूस बदलला नाही. मात्र हे पटण्यासाठी १८९८ च्याही मागे जावे लागेल.

डॅनियल्स यांचे वडील जहाजे बांधणारे कारागीर होते आणि युद्ध संपत आले असताना, १८६५ च्या आरंभी, गोळीबारात मारले गेले. विधवा आईने मुलांना घेऊन विल्सन नावाच्या गावी बिऱ्हाड केले आणि तिथल्या टपाल कचेरीची नोकरी धरून घर चालवले. अठराव्या वर्षी मुलगा त्याच गावातल्या साप्ताहिकाचा संपादक झाला आणि रिपब्लिकन पक्षावर तुटून पडू लागला. टपाल कचेरीची नेमणूक त्या काळी सत्ताधारी पक्षाच्या मर्जीवर असे आणि केंद्रात सत्ता रिपब्लिकनांची होती. मुलाच्या अग्रलेखांपायी आईची नोकरी गेली. छापलेल्या शब्दाची किंमत कोणाला आणि कशी मोजावी लागते, याचा पहिला धडा त्यांना घरातच मिळाला होता.

पुढे चॅपेल हिल येथील विद्यापीठात कायदा शिकून १८८५ मध्ये त्यांनी वकिलीची सनद मिळवली, पण वकिली कधी केली नाही. त्याच वर्षी ते रॅलेतल्या ‘स्टेट क्रॉनिकल’चे संपादक झाले. या वेळी आणि नंतर १८९४ मध्ये लिलावात निघालेले ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ विकत घेतानाही, पाठीशी पैसा उभा केला तो डरहॅमचे तंबाखू-उद्योजक ज्युलियन कार यांनी. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण या दैनिकाने पुढे वर्षानुवर्षे ज्या तंबाखू मक्तेदारीवर आसूड ओढले ती जेम्स ड्यूक यांची होती, आणि कार हे ड्यूक यांचे जुने प्रतिस्पर्धी होते. मक्तेदारीविरोध हे डॅनियल्स यांचे ढोंग होते असे मी म्हणत नाही. रेल्वे कंपन्या आणि तंबाखू ट्रस्ट यांच्याशी ते आयुष्यभर भांडले आणि त्यात त्यांनी जाहिरातींचे नुकसानही सोसले. परंतु त्या वेळच्या वृत्तपत्रमालकाला पक्षाचे पाठबळ आणि कोणा तरी श्रीमंताची थैली या दोन्हींशिवाय उभे राहणे कठीण होते. काही वर्षे ते राज्याचे सरकारी मुद्रक होते, म्हणजे छपाईचे काम पक्षाच्या सत्तेमुळे मिळत होते. १८९३ ते १८९५ मध्ये ते केंद्र सरकारच्या अंतर्गत व्यवहार विभागात हेडक्लार्कच्या मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या विभागाचे मंत्री होक स्मिथ हेही अटलांटातल्या एका दैनिकाचे मालकच होते. वृत्तपत्र आणि पक्ष यांच्यामध्ये तेव्हा भिंत अशी नव्हतीच.

आता १८९८. नॉर्थ कॅरोलायनात त्याआधी चार वर्षे एक वेगळाच प्रयोग चालू होता. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष आणि कृष्णवर्णीयांचा मोठा आधार असलेला रिपब्लिकन पक्ष यांनी युती करून १८९४ मध्ये विधिमंडळ जिंकले आणि १८९६ मध्ये गव्हर्नरपदही मिळवले. ही युती रेल्वे आणि सावकारांविरुद्ध जे बोलत होती, त्यातले पुष्कळसे डॅनियल्स यांना स्वतःलाही मान्य होते. विचारांवर युती मोडणे डॅनियल्स यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला शक्य नव्हते, म्हणून ती रंगावर मोडायची असे ठरले. पक्षाध्यक्ष फर्निफोल्ड सिमन्स यांनी संघटना उभी केली, चार्ल्स एकॉक यांच्यासारख्यांनी सभा गाजवल्या आणि छापखान्याची बाजू डॅनियल्स यांनी सांभाळली. त्यांनी नॉर्मन जेनेट या तरुण व्यंगचित्रकाराला हाताशी धरले, कारण ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला चित्र मात्र वाचता येते. कृष्णवर्णीय पुरुषाला राक्षस किंवा वटवाघूळ दाखवणारी आणि त्याच्या पंजात गोऱ्या बायका अडकलेल्या दाखवणारी ती चित्रे पहिल्या पानावर झळकत, आणि अंकाच्या प्रती पक्षातर्फे गावोगाव फुकट वाटल्या जात. राज्यातल्या कोणत्याही कोपऱ्यातला एखादा गुन्हा, खरा असो वा ऐकीव, रंगवून पानावर येई.

विल्मिंग्टन हे तेव्हा राज्यातले सर्वांत मोठे शहर, आणि तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. ‘डेली रेकॉर्ड’ या तिथल्या कृष्णवर्णीय दैनिकाचे संपादक अलेक्झांडर मॅनली यांनी ऑगस्टमध्ये लिहिले, की गोऱ्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय पुरुष यांच्यातले काही संबंध परस्परसंमतीचे असतात. हा अग्रलेख डॅनियल्स यांच्या दैनिकाने निवडणुकीपर्यंत पुन्हा पुन्हा पेटवत ठेवला. ८ नोव्हेंबरला मतदान झाले. १० नोव्हेंबरला आल्फ्रेड मूर वॅडेल यांच्या नेतृत्वाखालच्या जमावाने ‘डेली रेकॉर्ड’ची कचेरी जाळली, रस्त्यांवर माणसे मारली आणि त्याच दिवशी नगराध्यक्षासह संपूर्ण नगरशासनाला राजीनामा द्यायला लावून वॅडेल स्वतः नगराध्यक्ष झाले. मृतांचा नेमका आकडा आजवर लागलेला नाही. अंदाज चौदापासून साठ आणि त्याहूनही वर जातात. १९०० मध्ये साक्षरतेची अट आणि तिच्यातून गोऱ्या निरक्षरांना वाट काढून देणारे ‘आजोबा-कलम’ राज्यघटनेत आले, एकॉक गव्हर्नर झाले आणि कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क दोन पिढ्यांसाठी जवळजवळ पुसला गेला. एका संपादकाने दुसऱ्या संपादकाचा छापखाना जळेपर्यंत लेखणी चालवली, हे या प्रकरणातले सर्वांत जड वास्तव आहे असे मला वाटते.

माझे म्हणणे एवढेच, की डॅनियल्स आयुष्यभर ‘सामान्य जनता’ हा शब्द प्रामाणिकपणे वापरत होते, पण त्या जनतेभोवतीची रेघ त्यांनी १८९८ मध्येच आखून ठेवली होती. रेघेच्या आतल्यांसाठी ते कोणाशीही लढले. १९०४ मध्ये एका रेल्वेच्या प्रकरणात संघराज्याच्या न्यायाधीशावर टीका केल्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानाचा दंड झाला, तेव्हा तो न भरता त्यांनी स्थानबद्धता पत्करली आणि तिथूनही अग्रलेख लिहिले. शेवटी वरच्या न्यायाधीशाने त्यांना सोडले. रेघेच्या बाहेरच्यांसाठी मात्र त्यांच्यापाशी दयाबुद्धी असेल, पण हक्काची भाषा नव्हती.

दर्यावर्दी

वरच्या प्रतिसादातली ‘रेघ’ नौदलातही दिसते, म्हणून त्या आठ वर्षांबद्दल लिहितो. त्यांच्याकडे चरित्रकार आणि नौदलाचे चाहते फार वेगळ्या नजरेने पाहतात.

डॅनियल्स यांना समुद्राचा काहीही अनुभव नव्हता. घरातला नौदलाशी एकमेव संबंध दुःखाचा होता: त्यांच्या पत्नीचा, ॲडी बॅगली यांचा, भाऊ वर्थ बॅगली हा १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात क्यूबाजवळ मारला गेलेला अमेरिकन नौदल अधिकारी होता. १९१२ च्या निवडणुकीत विल्सन यांच्या प्रचाराची प्रसिद्धी सांभाळल्याचे बक्षीस म्हणून मंत्रिपद मिळाले, आणि त्यांनी उपमंत्री म्हणून निवडला एकतीस वर्षांचा, श्रीमंत घरातला, जहाजांचे वेड असलेला फ्रँकलिन रूझवेल्ट. हा तरुण सुरुवातीला आपल्या खेडवळ दिसणाऱ्या वरिष्ठाची नक्कल करून मित्रांना हसवत असे. पुढे मात्र अध्यक्ष झाल्यावरही तो डॅनियल्स यांना पत्रात ‘चीफ’ असेच संबोधत राहिला.

नौदलात त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर संपादकाप्रमाणे भाषा सोपी केली! सुकाणू धरणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या हुकमांत १९१३ पासून ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ऐवजी साधे ‘डावे’ आणि ‘उजवे’ आले. जुन्या अधिकाऱ्यांनी नाके मुरडली, पण हुकूम सुटसुटीत झाले. त्यानंतर जहाजांवर साध्या खलाशांसाठी शाळा सुरू झाल्या आणि त्यांच्यातून नौदल अकादमीत दरवर्षी काही जणांना प्रवेश मिळण्याची वाट खुली झाली. आपण वर लिहिलेल्या विल्सन गावच्या विधवेच्या मुलाला हे सुचणे स्वाभाविकच होते.

मद्यबंदीबद्दल थोडे, कारण त्याच्याशी एक दंतकथा चिकटली आहे. १ जून १९१४ च्या हुकमाने जहाजांवर आणि तळांवर दारू बंद झाली आणि १ जुलैपासून अंमल सुरू झाला. दारूऐवजी कॉफी आली, म्हणून जोसेफस यांच्या नावावरून कॉफीच्या पेल्याला अमेरिकेत ‘कप ऑफ जो’ म्हणू लागले, असे आंतरजालावर जागोजागी वाचायला मिळते. याला पुरावा नाही. शिवाय साध्या खलाशांचा रमचा वाटा १८६२ मध्येच, म्हणजे डॅनियल्स जन्मले त्याच वर्षी, बंद झाला होता. १९१४ च्या हुकमाची झळ मुख्यतः अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातल्या वाइनला लागली. त्यामुळे रुसवा होता तो वरच्या डेकवर.

मक्तेदारीशी भांडण इथेही चालू राहिले. युद्धनौकांसाठी लागणारे चिलखती पोलाद तीनच कंपन्या पुरवत आणि तिघींच्या निविदांतले आकडे तंतोतंत सारखे येत. डॅनियल्स यांनी निविदा परत पाठवल्या, किमती उतरवायला लावल्या आणि अखेर सरकारी पोलाद कारखान्याला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, मंजुरी मिळवली. नौदलासाठी राखून ठेवलेल्या तेलक्षेत्रांवर खाजगी कंपन्यांची नजर होती, तीही त्यांनी आठ वर्षे थोपवून धरली. १९१७ मध्ये कायद्यात ‘पुरुष’ असे कुठे म्हटलेले नाही, हे हेरून त्यांनी स्त्रियांना नौदलात कारकुनी हुद्द्यावर भरती केले, आणि युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ११,००० स्त्रिया गणवेशात होत्या. मसुद्यातला एक शब्द पकडून बाजी उलटवणे, हेही संपादकाचेच कसब.

रेघ मात्र कायम होती. विल्सन यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांत गोरे आणि कृष्णवर्णीय वेगळे बसवण्याची जी पद्धत आली, तिला मंत्रिमंडळातून ज्यांचा पाठिंबा होता त्यांत डॅनियल्स होते. १९१९ पासून नौदलाने कृष्णवर्णीयांची नवी भरतीच थांबवली आणि ती १९३० नंतरच पुन्हा सुरू झाली. १९१५ मध्ये हैती आणि १९१६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताक, असे दोन देश याच शांतिप्रिय मंत्र्याच्या नौदलाने ताब्यात घेतले. आणि एप्रिल १९१४ मधला वेराक्रूझचा ताबा. त्याबद्दल मेक्सिकोवर लिहिणारे लिहितीलच.

सडेतोड

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांतून एक सोयीचा निष्कर्ष निघू नये म्हणून लिहितो. अशा धाग्यांवर लवकरच ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य येते. अलेक्झांडर मॅनली त्याच काळातले आणि त्याच राज्यातले होते. १९०३ मध्ये डरहॅमच्या ट्रिनिटी कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक जॉन स्पेन्सर बॅसेट यांनी लिहिले, की कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन हे, यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचा अपवाद वगळता गेल्या शंभर वर्षांत दक्षिणेत जन्मलेले सर्वांत मोठे पुरुष आहेत. बॅसेट गोरे होते, दक्षिणेतले होते, डॅनियल्स यांच्याहून पाच वर्षांनी लहान होते. डॅनियल्स यांनी त्यांना नोकरीतून काढण्याची मोहीम उघडली आणि त्यांचे आडनाव छापताना मधली ‘गाढव’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे मुद्दाम मोठ्या टायपात घातली. कॉलेजच्या विश्वस्तांनी १८ विरुद्ध ७ मतांनी बॅसेट यांचा राजीनामा नाकारला. म्हणजे त्याच काळात, त्याच मातीत, दुसरे वागणे शक्य होते आणि अठरा प्रतिष्ठित माणसांनी ते करून दाखवले.

खलिता

मेक्सिकोच्या भागाबद्दल मी लिहितो, आणि धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच येईल.

२१ एप्रिल १९१४ रोजी अमेरिकन नौसैनिक वेराक्रूझ बंदरात उतरले. जर्मन जहाजातून येणारी शस्त्रे मेक्सिकोची सत्ता बळकावलेल्या जनरल वेर्ता यांच्या हाती पडू नयेत, म्हणून जकातघर ताब्यात घेण्याचा तो हुकूम होता, आणि त्यावर नौदलमंत्री म्हणून नाव होते डॅनियल्स यांचे. रस्त्यांवरच्या लढाईत शंभराहून अधिक मेक्सिकन मारले गेले, त्यांत नौदल शाळेतली कोवळी मुलेही होती. बंदर सात महिने अमेरिकेच्या ताब्यात राहिले. एकोणीस वर्षांनी, मार्च १९३३ मध्ये, नव्या अध्यक्षांनी त्याच डॅनियल्स यांना मेक्सिकोत राजदूत नेमल्याची बातमी आली, तेव्हा मेक्सिको शहरातल्या अमेरिकन वकिलातीवर दगडफेक झाली, यात आश्चर्य नाही. आणि हेही लक्षात असू द्यावे, की १९१४ मध्ये नौदलाचे उपमंत्री स्वतः रूझवेल्ट होते.

सत्तरी गाठलेले, स्पॅनिश न जाणणारे, मेजवानीत मद्याला न शिवणारे हे राजदूत मुत्सद्द्यांच्या कोणत्याही साच्यात बसत नव्हते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती वार्ताहराची: राजधानीबाहेर पडून गावे, शाळा आणि बाजार पाहिले, माणसांशी दुभाष्यामार्फत का होईना पण तासन् तास बोलले. यात त्यांची फजितीही झाली. जुलै १९३४ मध्ये एका भाषणात त्यांनी शिक्षणाचे कौतुक करताना माजी अध्यक्ष काय्येस यांचे एक विधान उद्धृत केले. काय्येस यांच्या तोंडी ते वाक्य कॅथलिक चर्चविरुद्धच्या लढ्याचे रणशिंग होते. डॅनियल्स यांच्या मनात होती ती नॉर्थ कॅरोलायनातली सरकारी शाळा! अमेरिकेतल्या कॅथलिकांनी त्यांना परत बोलावण्याची मागणी लावून धरली आणि ते प्रकरण निवळायला बराच काळ गेला. स्वतःच्या गावचे शब्दार्थ दुसऱ्या देशावर लादण्याची ही चूक मोठमोठ्या मुत्सद्द्यांकडूनही होते, पण यांच्याकडून ती अगदी निरागसपणे झाली.

डिसेंबर १९३४ मध्ये लासारो कार्देनास अध्यक्ष झाले आणि मोठमोठ्या जमिनी शेतकऱ्यांत वाटल्या जाऊ लागल्या. त्यांत अमेरिकन मालकांच्याही जमिनी होत्या. पुढे तेल कामगारांचा वेतनाचा तंटा चिघळला. १ मार्च १९३८ रोजी मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूचा निवाडा कायम केला, परदेशी कंपन्यांनी तो पाळण्यास नकार दिला आणि १८ मार्चच्या रात्री कार्देनास यांनी रेडिओवरून त्यांची मालमत्ता राष्ट्राच्या मालकीची झाल्याचे जाहीर केले. १९१७ च्या राज्यघटनेतल्या सत्ताविसाव्या कलमाने भूगर्भातले तेल मुळात राष्ट्राचे ठरवले होते. कंपन्यांचे म्हणणे होते, की भरपाई द्यायची तर जमिनीखालच्या तेलाचीही द्या.

इथे राजदूताची खरी कसोटी लागली. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी २६ मार्चला अत्यंत कडक भाषेतला खलिता पाठवला आणि लगेच अमेरिकेच्या अर्थखात्याने मेक्सिकन चांदीची खास खरेदी थांबवली. डॅनियल्स यांनी खलिता मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एदुआर्दो आय यांना दिला खरा, पण दोघांनी मिळून असे ठरवले, की तो ‘मिळालेला नाही’ असे समजायचे. आपल्या सरकारच्या लेखी हुकमाबाबत राजदूताने असे करणे हा शिस्तभंगच होय, आणि मुत्सद्देगिरीच्या इतिहासात इतका उघड शिस्तभंग क्वचितच सापडेल. परंतु त्याचा परिणाम पाहा. ब्रिटनने असाच कडक सूर लावला आणि मे १९३८ मध्ये मेक्सिकोने ब्रिटनशी संबंध तोडले. वॉशिंग्टनशी संबंध ताणले गेले, तुटले मात्र नाहीत. संपादकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: एकदा छापले गेलेले वाक्य परत घेता येत नाही, म्हणून काही मजकूर मशिनवर चढण्याआधीच बाजूला काढायचा असतो.

श्रेय कोणाचे, या प्रश्नाला माझे उत्तर असे. शेजाऱ्यांशी सलोख्याचे धोरण रूझवेल्ट यांचे होते आणि ते नसते तर डॅनियल्स आठवड्याभरात परत बोलावले गेले असते. परंतु अध्यक्षांची इच्छा आणि मेक्सिको शहरातली वकिलात यांच्यामध्ये परराष्ट्र खाते होते, तेल कंपन्यांचे वकील होते आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रांची आरडाओरड होती. डॅनियल्स यांच्याजवळ दुसऱ्या कोणत्याही राजदूताजवळ नसलेली एक वाट होती: ते खात्याला वगळून थेट ‘फ्रँकलिन’ला पत्र लिहू शकत, आणि ती पत्रे वाचली जात. त्या पत्रांत कंपन्यांविषयी ते जे लिहीत, ते पस्तीस वर्षांपूर्वी तंबाखू ट्रस्टविषयीच्या अग्रलेखात लिहीत त्याहून फारसे वेगळे नव्हते. भरपाई द्यायलाच हवी याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. वाद होता तो किती, कशाची आणि कोणत्या मुदतीत एवढाच. त्यांनी अध्यक्षांना कारणे पुरवली आणि मेक्सिकोला वेळ मिळवून दिला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जमिनींच्या भरपाईचा करार झाला. तेलाचा करार १९ नोव्हेंबर १९४१ ला झाला आणि दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी १९४२ मध्ये अमेरिकन कंपन्यांची भरपाई सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर ठरवली, जी कंपन्यांच्या मागणीच्या मानाने फारच थोडी होती. त्यात युरोपातल्या युद्धाचा वाटा मोठा होता. मेक्सिकोसारखा शेजारी दुरावणे अमेरिकेला तेव्हा परवडणारे नव्हते. पत्नीच्या आजारपणामुळे डॅनियल्स यांनी करारापूर्वी थोडेच दिवस राजीनामा देऊन मेक्सिको सोडले होते, त्यामुळे ज्या कागदासाठी साडेतीन वर्षे खपले त्याच्या वेळी ते तिथे नव्हते.

‘रेघे’बद्दल एवढेच म्हणेन, की मेक्सिकन शेतकरी त्यांच्या रेघेच्या आत येऊ शकला, कारण तो त्यांच्या गावच्या सत्तेत वाटा मागत नव्हता. विल्मिंग्टनचा कृष्णवर्णीय मतदार तो मागत होता.

शाईचे_डाग

‘खलिता’ यांचे शेवटचे वाक्य माझ्या सगळ्या प्रतिसादापेक्षा नेमके आहे. त्यात एवढीच भर घालतो, की डॅनियल्स यांनी मृत्युपत्रात आपल्या दैनिकाच्या पुढच्या चालकांना बजावून ठेवले होते, की वैयक्तिक लाभासाठी किंवा पदासाठी कोणत्याही बाजूची तरफदारी करू नये. मंत्रिपद आणि राजदूतपद दोन्ही पक्षनिष्ठेतून मिळालेल्या माणसाने हे लिहावे, यात त्यांना स्वतःला विसंगती दिसली नसावी.

जुनी_कात्रणे (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ‘सडेतोड’ यांनी बॅसेट प्रकरण पुढे आणले ते फार बरे झाले. मी ते वाचले होते, पण त्याचे वजन माझ्या लक्षात आले नव्हते.

प्रतिसाद वाचल्यावर मी पुन्हा तारखा लावून पाहिल्या, आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तारखांतच होते असे दिसले. डॅनियल्स यांच्या आत्मचरित्राचा १८९८ च्या मोहिमेवरचा खंड १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ते मेक्सिकोत राजदूत असतानाच. आपल्या दैनिकाचे फटके क्रूर होते, आता मागे वळून पाहता जरा जास्तच क्रूर होते, आणि गुन्ह्यांच्या बातम्या कधी कधी भडक छापल्या गेल्या, अशी कबुली त्यात आहे. परंतु मोहिमेचा हेतू चुकीचा होता असे त्यात कुठेही नाही. उलट तिच्या विजयाचे वर्णन ते अभिमानाने करतात. तेल कंपन्यांविरुद्ध मेक्सिकोची बाजू समजून घेणारी पत्रे आणि ही पाने एकाच माणसाने, एकाच सुमारास लिहिली होती. चाळीस वर्षांचे जे अंतर मी धाग्याच्या शीर्षकात घातले, ते त्यांच्या टेबलावर नव्हतेच.

दैनिक त्यांच्या वंशजांकडे १९९५ पर्यंत होते. २००६ मध्ये राज्याने नेमलेल्या आयोगाचा विल्मिंग्टनवरचा अहवाल आला आणि त्याच वर्षी ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने १८९८ मधल्या आपल्या भूमिकेवर खास पुरवणी काढून माफी मागितली. जून २०२० मध्ये रॅलेच्या नॅश चौकातला डॅनियल्स यांचा पुतळा त्यांच्या कुटुंबानेच पुढाकार घेऊन उतरवला. ऑगस्ट ते नोव्हेंबर १८९८ चे अंक मी आता क्रमाने वाचायला घेतले आहेत. जेनेट यांची चित्रे कोणत्या तारखांना आणि कोणत्या बातम्यांच्या शेजारी आली, याची टिपणे तयार झाली की याच धाग्यावर देईन.